कोट खुंटीवरून निघतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकमधली तीन महाविद्यालयीन मुलं बारा मिनिटांचा मूकपट करताहेत. काळा-पांढरा, मोबाइलवर, डिसेंबरात, जुन्या नाशकातल्या एका वाड्यात. नवरा जाऊन वर्ष झालेली बाई त्याचा कोट बोहारणीला देते आणि स्टीलचं पातेलं घेते, एवढीच गोष्ट. संवाद नाहीत, पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या पाट्याही नकोत. मुलं दोन ठिकाणी अडली आहेत. दुःख दिसावं म्हणून बाईला काळी साडी नेसवायची का? आणि मूकपट आहे म्हणून अभिनय मोठा करायचा की रोजच्यासारखा? ‘मोठा केला की नाटकी वाटतो, साधा केला की काही कळतच नाही,’ असं ते म्हणतात.

मी सव्वीस वर्षं नाशकात नाटकांची आणि लघुपटांची वेशभूषा करते, आणि सुट्ट्यांमध्ये अभिनयाची शिबिरं घेते. हे दोन्ही विषय माझ्या लेखी कधीच वेगळे नव्हते, म्हणून तुमच्या दोन्ही प्रश्नांना उत्तरही एकत्रच देते.

काळी साडी नको. आपल्याकडे काळा रंग शोकाचा नाही. संक्रांतीला आपण हौसेनं काळी साडी घेतो, नव्या सुनेला मुद्दाम नेसवतो. काळं म्हणजे शोक हे आपण परदेशी सिनेमातून उचललं आहे, आणि वाड्याच्या चौकात ते उपरं दिसेल. पण याहून मोठं कारण दुसरंच आहे. काळी साडी नेसवलीत की पहिल्याच दृश्यात तुम्ही दुःख जाहीर करून टाकता. मग उरलेली साडेअकरा मिनिटं त्या बाईनं करायचं काय? वेष भावना सांगायला लागला की अभिनेत्रीचं काम संपतं. भावना दिसते ती वेषात काहीतरी बिघडतं, हलतं, निसटतं तेव्हा. पदर रोज जिथे असतो तिथून सरकलेला, गुंडी लावायची राहिलेली, एक बाही वर आणि एक खाली. म्हणून आधी माणसाला त्याचे रोजचे कपडे घाला. दुःख त्या रोजच्या कपड्यांना येऊन धडकू दे.

आपल्या वेषात दुःख बहुतेक वेळा कशाच्या तरी नसण्यात असतं. मोकळं कपाळ, मोकळा गळा, मोकळी मनगटं. आता बऱ्याच बायका टिकली लावणं सोडत नाहीत, आणि ते चांगलंच आहे. तेव्हा तुमच्या बाईच्या कपाळावर टिकली असायला माझी हरकत नाही. पण मनगटं बघा. ज्या बाईनं चाळीस वर्षं बांगड्या घातल्या, ती कणीक मळायला बसताना आधी बांगड्या कोपराकडे सारते. तिला ते कळतही नाही, हात आपोआप जातो. आता बांगड्या नाहीत. तरी परातीत हात घालण्यापूर्वी तिचा डावा हात उजव्या मनगटाकडे जातो, रिकाम्या मनगटावरून वर सरकतो आणि थांबतो. मग ती पाणी घालते. याला चार सेकंद लागतात. चेहऱ्यावर काहीही करायचं नाही. प्रेक्षागृहातल्या प्रत्येक बाईला ते कळेल आणि पुरुषांपैकी निम्म्यांना. तुमच्या चित्रपटाचं पहिलं दृश्य मला विचाराल तर हे आहे.

अभिनेत्रीकडून हे करून घ्यायचं असेल तर तिला नुसतं ‘मनगटावरून हात फिरव’ असं सांगू नका. आठवडाभर डझनभर काचेच्या बांगड्या घालून स्वयंपाक करायला लावा. मग चित्रणाच्या दिवशी सकाळी बांगड्या काढा. हात स्वतःहून जाईल.

आता रंगांबद्दल, कारण काळ्या-पांढऱ्यात चित्रण करणारे बहुतेक जण इथे फसतात. मूकपटांच्या सुरुवातीच्या काळातली फिल्म लाल रंगाला आंधळी होती. निळा रंग तिला पांढराफटक दिसायचा, म्हणून त्या चित्रपटांमध्ये आभाळात ढग सापडत नाहीत. लाल मात्र काळा दिसायचा. कुंकू काळं, ओठ काळे, गालावर लाली लावली तर गाल बसल्यासारखे. म्हणून नट चेहऱ्याला फिकट रंगाचा लेप लावायचे आणि डोळ्यांभोवती गडद रेषा काढायचे. आज आपल्याला ते चेहरे मुखवट्यासारखे वाटतात, पण त्या फिल्मवर चेहरा माणसाचा दिसावा म्हणूनच ती धडपड होती. सगळे रंग त्यांच्या खऱ्या उजळपणात पकडणारी फिल्म १९२०च्या दशकात रुळली आणि मग रंगभूषा हळूहळू उतरत गेली. १९२८ साली जोन ऑफ आर्कवरच्या मूकपटात दिग्दर्शक ड्रायरनं फाल्कोनेत्ती या नटीचा चेहरा रंगभूषेशिवाय अगदी जवळून दाखवला. त्वचेवरची प्रत्येक सुरकुती, प्रत्येक अश्रू दिसतो. जुने नट भडक आणि नवे संयत असा सरळ निकाल देण्याआधी त्या फिल्मला काय दिसत होतं हे विचारायला हवं.

तुमच्या मोबाइलला लाल दिसतो. पण रंग काढून टाकले की लाल आणि हिरवा बऱ्याचदा एकाच राखाडी छटेत जाऊन बसतात. लग्नाच्या आठवणीचं दृश्य ठेवलंत तर कुणीतरी नक्की म्हणेल, येवला आपल्याच जिल्ह्यात आहे, पैठणी नेसवू. हिरवी पैठणी आणि लाल काठ डोळ्यांना सुंदर दिसतो. काळ्या-पांढऱ्यात काठ आणि अंग एक होईल आणि नुसती जरतार चमकत राहील. म्हणून कपडे निवडताना मोबाइलवर रंग बंद करून बघा. रंग विसरा, उजेड किती परत येतो ते बघा. शुभ्र पांढरं घेऊ नका, उन्हात त्याच्या घड्या आणि चुण्या पुसल्या जातात. पांढरं सुती लुगडं चहाच्या पाण्यातून काढून वाळवलं की कॅमेऱ्याला ते पांढरंच दिसतं आणि सुरकुत्याही टिकतात. दुसरं, पोत. कांजी केलेलं सुती कापड ताठ उभं राहतं, सिंथेटिक अंगाला चिकटून लोंबतं. संवाद नसलेल्या चित्रपटात हा फरक आवाजासारखा ऐकू येतो.

तुमच्या गोष्टीत तर पोताचीच देवघेव आहे. लोकरी कोट उजेड पिऊन टाकतो, स्टीलचं पातेलं उजेड परत फेकतो. बाई एक देते आणि दुसरं घेते. हे तुम्हाला आयतं मिळालंय, त्यावर काही चढवू नका. पातेल्यात तिचा चेहरा दाखवायचा मोह होईल. तो टाळा.

नाशकात बसून मूकपट करताय तर फाळक्यांकडे नुसतं स्मारकातला पुतळा म्हणून बघू नका. ते जन्मले त्र्यंबकेश्वरला, १८७० साली. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला आणि त्यानंतर ते मुक्काम हलवून नाशकात आले. १९१८ साली इथे हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली. १९४४ साली ते गेले तेही नाशकातच. म्हणजे या देशात कॅमेऱ्यासमोर न बोलता कसं रडायचं, कसं रागवायचं, हे शिकण्याचं बरंचसं काम आपल्या गावात झालं आहे.

त्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषानं केली, कारण स्त्रिया मिळत नव्हत्या. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. हे मी शिबिरात सांगते तेव्हा मुलं हसतात. पण नटाच्या बाजूनं विचार करा. चेहरा एकच, आवाज मुळात नाहीच. मग प्रेक्षकाला राम वेगळा आणि सीता वेगळी कशानं कळली? नेसणं, दागिने, खांद्यांचा कोन, पावलाचं अंतर, हात शरीरापासून किती लांब जातो ते. साडी पावलाला आवर घालते, धोतर पाऊल मोकळं सोडतं. हे कपड्यानं शरीराला लावलेलं वळण आहे आणि भावना त्या वळणातून वाहते. रामाचं दुःख आणि सीतेचं दुःख वेगळं दिसलं असेल तर त्यात कापडाचा वाटा नटाइतकाच होता.

आणि ‘कालियामर्दन’ जरूर बघा. १९१९चा चित्रपट, त्याचा मोठा भाग टिकून आहे. कृष्ण झाली आहे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, सात वर्षांची. गोष्ट सुरू होण्याआधी फाळके तिचा नुसता चेहरा दाखवतात आणि ती एकामागून एक भाव बदलत जाते. हा लहान मुलीच्या मुद्राभिनयाचा अभ्यास आहे असं ते पाटीवर सांगूनच टाकतात. नंतर तीच मुलगी कृष्णाच्या वेषात येते. आधी चेहरा, मग वेष. माझ्या मते ही भारतीय पडद्यावरची अभिनयाची पहिली शिकवणी आहे. एक गोष्ट बारकाईनं बघा. दोन भावांच्या मध्ये तिचा चेहरा क्षणभर मोकळा होतो. तो मोकळा क्षण नसता तर पुढचा भाव कळला नसता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्या मोकळ्या क्षणात आहे. अभिनय मोठा की लहान, हा वाद सोडून द्या. मूकपटात अभिनय एकेक करून करायचा असतो. आधी डोळे जातात, मग मान, मग हात. तिन्ही एकदम गेले की प्रेक्षकाला काहीच वाचता येत नाही, मग तुम्ही ते मोठं करा नाहीतर बारीक. तुमच्या अभिनेत्रीचं ‘साधं केलं की कळत नाही’ होतंय ते बहुधा यामुळेच. ती रोजच्या आयुष्यात बोलता बोलता हालचाल करते, आणि शब्द काढून घेतले की मागे नुसती गडबड उरते. एक विचार, एक हालचाल, थांबा. नंतर दुसरी.

जुन्या मूकपटांमधला अभिनय अतिरेकी असतो हा समजही थोडा तपासून घ्या. ते चित्रपट बहुतेक वेळा हातानं कॅमेरा फिरवून घेतलेले असत, सेकंदाला सोळा-अठरा-वीस चौकटींच्या, म्हणजे सुट्या चित्रांच्या, आसपास. पुढे ते चोवीसच्या वेगानं दाखवले गेले आणि माणसं तुरुतुरु पळायला लागली. चुकीच्या वेगानं दाखवलं की कुठलाही हुंदका विनोदी दिसतो. ‘जुना लुक’ हवा म्हणून तुमचं चित्रण पळवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. शिवाय सुरुवातीला कॅमेरा लांब असायचा, नट नखशिखान्त दिसायचा, म्हणून हात मोठे जायचे. कॅमेरा जवळ आला तसे हात खाली आले. १९१९ साली लिलियन गिशनं ‘ब्रोकन ब्लॉसम्स’मध्ये सतत मार खाणारी मुलगी केली. तिला हसायला सांगितलं की ती दोन बोटांनी ओठांची टोकं वर ढकलते. एवढंच. याहून लहान हालचाल काय असणार?

नाट्यशास्त्रानं अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. मूकपटात वाचिक गळतं आणि त्याचा सगळा भार उरलेल्या तिघांवर येतो. आहार्य म्हणजे वेष, दागिने, रंगभूषा. सात्त्विक म्हणजे मनातलं शरीरावर आपोआप उमटणारं; असे भाव आठ आहेत. त्यातला स्वरभंग आवाजाविना जातो, चेहऱ्याचा रंग उडणं काळ्या-पांढऱ्यात दिसत नाही. उरलेल्यांपैकी स्तंभ, कंप आणि अश्रू सहज दिसतात. यातला स्तंभ, म्हणजे जागच्या जागी थिजणं, कॅमेऱ्याला सर्वांत जास्त आवडतं आणि नवे नट ते सर्वांत कमी वापरतात. अश्रू शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवा. तुमच्या गोष्टीत तर ते नसलेलेच बरे.

सरावासाठी एक सांगते. आपल्या जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या आदिवासी पाड्यांवर बोहाडा होतो. देवदानवांचे मुखवटे घालून, संबळाच्या तालावर रात्रभर सोंगं नाचतात. मुखवट्याचा चेहरा बदलत नाही. तरी सोंग रागावलं की समोरचं पोर आईच्या कुशीत शिरतं. राग खांद्यात असतो, टाचेत असतो, मुखवटा किती झटक्यात वळतो त्यात असतो. तुमच्या अभिनेत्रीच्या तोंडावर पंचा बांधा, डोळ्यांपुरती फट ठेवा आणि सगळा प्रसंग करायला सांगा. पंचा असताना जे कळलं नाही ते पंचा काढल्यावर चेहऱ्यानं दुरुस्त करू नका. शरीरात काय राहिलं ते शोधा.

आता कोट. या गोष्टीतलं खरं पात्र तेच आहे, म्हणून त्यावर जास्त बोलते.

१९२४ साली जर्मनीत मुर्नाऊनं एक मूकपट केला, ‘द लास्ट लाफ’ या नावानं तो ओळखला जातो. मोठ्या हॉटेलच्या दारावरचा म्हातारा दरवान, एमिल यानिंग्सनं केलेला. त्याचा भरजरी गणवेश हाच त्याचा मान. घराजवळची माणसं त्या कोटाला सलाम करतात. वय झालं म्हणून त्याला दारावरून काढून स्वच्छतागृहात कामाला लावतात आणि कोट उतरवून घेतात. कोट निघताच तो उंच, रुंद माणूस आपल्या डोळ्यांदेखत वाकतो, जणू कणा कोटाला शिवलेला होता. पुढे तो रात्री तोच कोट चोरून आणतो आणि घालतो, आणि पुन्हा ताठ होतो. या चित्रपटात पाट्या जवळजवळ नाहीत. कोट अंगावर आहे की नाही एवढ्यावर सगळं कळतं.

तुमचा कोट मात्र रिकामा आहे, त्यात माणूस नाही. म्हणून तो रिकामा असूनही भरलेला दिसायला हवा. हँगरवर लावू नका, खुंटीवर लावा. खुंटीवर कोट मानेशी लोंबतो आणि त्याचे खांदे उतरतात. कोपरांशी बाह्या वाकलेल्या राहायला हव्यात. कॉलरची आतली बाजू मळकी हवी. खिशात काय निघणार याची चर्चा तुमच्यात नक्की झाली असेल. चिठ्ठी, फोटो, गजऱ्याचं वाळलं फूल, यातलं काहीही नको. सुपारीचा चुरा आणि एक सेफ्टी पिन पुरे. तो चुरा ती बोटांनी झटकते की परत खिशात टाकते, हे अभिनेत्रीवर सोपवा.

बोहारणीला दुष्ट करू नका. ती कामाला आलेली बाई आहे. ती कोट कसा बघेल? अस्तर उलटवेल, काखेतली शिवण बोटांनी ताणेल, कॉलर घासून बघेल, गुंड्या मोजेल. बायको त्या कोटाला एका पद्धतीनं हात लावते, बोहारीण दुसऱ्या. हे दोन स्पर्श शेजारीशेजारी ठेवा, प्रेक्षकाचा जीव तिथे कळवळेल. आणि मग बोहारीण भोकं आहेत का ते बघायला कोट दोन्ही खांद्यांशी धरून चौकातल्या उजेडासमोर उंच करेल. बोहारणी करतातच तसं. त्या क्षणी चौकात एक माणूस उभा राहील. बायकोनं इथे थिजायचं. डोळेसुद्धा हलवायचे नाहीत. पाच सेकंद, जमलं तर सहा.

पुढे तिनं कोट परत मागून घ्यावा असं मला वाटतं. बोहारणीला वाटेल सौदा मोडला, ती पातेलं आपल्याकडे ओढेल. आणि बाई कोटाची मधली गुंडी लावेल, नवरा बाहेर निघताना रोज लावून द्यायची तशी, आणि कोट परत देईल. त्यासाठी सुरुवातीला कुठेतरी ती गुंडी सुटलेली दिसली पाहिजे, पण तिच्याकडे बोट दाखवू नका.

वेषातल्या खरेपणाबद्दल एक अनुभव सांगायचाय, कारण तो मला अजून टोचतो. बऱ्याच वर्षांपूर्वी सिन्नरकडच्या विडी कामगार बाईवर एक लघुपट होता. वेषाचं काम माझं. मी जुनी साडी आणली, दगडावर घासली, काठ विरवले, पदराला ठिगळ लावलं. फार समाधान वाटलं होतं. चित्रण बघायला आलेली एक म्हातारी विडीवाली नटीकडे बघून म्हणाली, ‘हिची मांडी कोरी कशी?’ विड्या वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन बसते. तंबाखूचा चुरा, सुपाची घासणी, सगळं मांडीवर. साडी तिथे सर्वांत आधी झिजते आणि तपकिरी पडते. मी बाकी सगळीकडे गरिबी लावली होती आणि काम लावायचं विसरले होते. नटीही त्या साडीत दोन दिवस अवघडून बसत होती, तिच्या मांडीला सुपाची जागा माहीतच नव्हती. तेव्हापासून कुठल्याही पात्राचा कपडा हातात घेतला की मी आधी विचारते, याचं काम कुठे घासतं? तुमची बाई काय करते? शिवणकाम करत असेल तर तिच्या पदराला टाचण्या असतील, पोळ्या लाटत असेल तर पोटाशी पीठ. ठरवा.

रंगभूषेवर वेळ घालवू नका. भुवया तशाच राहू द्या, केसांना तेल, बस्स. संगीताचाही विचार आत्ता नको. चित्रपट पूर्ण मुका लावून, शेजारच्या चार जणांना दाखवा आणि गोष्ट त्यांच्याकडून ऐका. जिथे ते अडखळतील तिथे पाटी घालू नका, तो प्रसंग पुन्हा चित्रित करा.

कोट भाड्यानं ड्रेपरीतून आणू नका. तिथले कोट दहा नाटकांत दहा जणांनी घातलेले असतात, त्यांना कुणाचंच अंग राहत नाही. घरातल्या, ओळखीतल्या कुणाचा तरी मिळवा. चित्रणाच्या आधी पंधरा दिवस साठीच्या एखाद्या काकांना तो रोज घालून फिरू द्या, थंडी आहेच. त्यांना उजव्या खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवायला सांगा, म्हणजे ती बाजू जराशी ओघळेल. आणि संध्याकाळी ते परतले की कोट त्यांनी स्वतः काढून ठेवायचा नाही. तुमच्या अभिनेत्रीनं तो त्यांच्या हातातून घ्यायचा आणि खुंटीला लावायचा. पंधरा दिवस, रोज.